दाखल्यावरचं कारण

काल शेजारच्या घरून सरस्वतीपूजेचा प्रसाद आला, खोबरं घातलेली चण्याची उसळ. त्या वासाने मला सरळ पेडण्यातल्या, मी शिकवत होते त्या सरकारी प्राथमिक शाळेत नेऊन उभं केलं.

गोवा नुकतंच राज्य झालं होतं. कोकणी की मराठी, यावर म्हापशाच्या बाजारात लोक तावातावाने भांडत होते. सरस्वतीपूजनाला सगळा गाव आमच्या शाळेत जमायचा, आरत्यांनी कौलं दणाणायची. पटावर मुलं मात्र नऊ. त्या वर्षी उसळ वाढता वाढता माझा तोल सुटला. भर पंगतीत मी म्हणाले, "देवीपुढे नारळ ठेवता आणि मुलं इंग्रजी शाळेत धाडता? मराठीत शिकून कुणाचं काय अडलं?"

तिसरीतली सुमन माझी सगळ्यांत हुशार विद्यार्थिनी. तिचा बाप पानावरून मान वर करून हळूच म्हणाला, "बाई, राग मानू नकात. तुमचो झील खंयच्या शाळेत जाता?"

माझा मुलगा म्हापशाला इंग्रजी शाळेत होता. रोज सकाळी त्याचा टाय बांधून मगच मी फेरीबोट गाठायचे. मी पुढच्या पानावर उसळ वाढली. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं.

जूनमध्ये सुमनचा बाप तिचा दाखला न्यायला आला. शाळा सोडण्याच्या कारणापुढे मी 'पालकांची इच्छा' असं वळणदार अक्षरात लिहिलं. खरं कारण त्या रकान्यात सहज मावलं असतं. माझं नाव तीनच अक्षरांचं आहे.