भिंतीवर मारलेला बिबट्या

देवळाली प्रवराच्या अलीकडे, उसाच्या रानातल्या एका वस्तीशाळेवर मी तेव्हा शिकवत होते. आदिमानवाचा धडा होता. पुस्तकातलं गुहाचित्र नखाएवढं, त्यातून पोरांना काय कळणार? मी गेरू कालवला, चुलीतला कोळसा मागवला आणि सगळ्यांना शाळेच्या मागच्या भिंतीपाशी नेलं.

"शिकारीला निघण्याआधी ती माणसं जनावराचं चित्र काढायची," मी म्हटलं. "चित्रात भाला मारला की जनावर हाती लागतं, असं त्यांना वाटायचं म्हणतात. काढा तुम्हीही."

हरिण कुणीच काढलं नाही. सगळ्यांनी बिबट्या काढला. त्या हंगामात तो आज याच्या, उद्या त्याच्या उसात दिसायचा, शेळ्या न्यायचा. पोरं घोळक्यानं, काठीवाल्या मोठ्या माणसामागून, मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून शाळेत यायची.

चौथीतल्या एका मुलीचा बिबट्या सगळ्यांत चांगला होता. खांदे दबलेले, शेपटीचं टोक वर. तिनं तो खरंच पाहिला होता. त्याच्या अंगात तिनं भाल्यांवर भाले खुपसले.

"बास की गं, पार चाळण केली त्याची," शेजारची म्हणाली.

"मरू दे मेल्याला!"

मीही हसले.

दुसऱ्या दिवशी ती घोळका सोडून उसातल्या पायवाटेनं एकटी आली. मी ओरडले, तर म्हणते, "बाई, काल मारला की त्याला!"

चित्रानं काही मरत नाही, हे मी तिला तेव्हा सांगितलं. आदल्या दिवशी सांगायला हवं होतं.

"मंग काढायला कशाला लावला?" तिनं विचारलं. मी काहीतरी उत्तर दिलं. तिला ते पटलं नाही.

संध्याकाळी तिचे वडील आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"बाई, उद्यापासून पोरगी येनार न्हाई. घरी धाकट्याला सांभाळील."

"चूक माझी आहे, तिची नाही. मी रोज स्कूटीवरून तिला आणते, सोडते."

"किती दिस? मे महिन्यात तुमची बदली हाय म्हनं. मंग कोन आननार?"

बदली कुणी माझ्यावर लादली नव्हती. अर्ज मीच केला होता, नगरजवळची शाळा मागितली होती. तो मागे घेते, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. मी म्हटलं नाही. ते निघून गेले.

मुलगी पुन्हा शाळेत आली नाही. मे महिन्यात माझी बदली झाली.