मक्याची रोटी

काल आमच्या गावी, रिठदला, शेजाऱ्यांनी भिंतींसाठी चुना भिजत घातला, आणि त्या ओल्या वासाने मला संजूदादाचं वाशिमचं हॉटेल आठवलं.

माझा हा थोरला भाऊ पुण्यात एका मेक्सिकन हॉटेलात आचारी होता. परत येऊन त्याने वाशिमला तसंच हॉटेल काढलं. पहिल्याच दिवशी बाबांना आणि मला कौतुकाने जेवायला बसवलं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, वाटून त्याने रोट्या केल्या होत्या. सोबत राजमा आणि भाजलेल्या टमाट्याची झणझणीत चटणी. चुन्याने त्याची बोटं सोलली होती.

बाबा सगळ्यांसमोर म्हणाले, "मक्याची भाकर खायले वाशिमले कायले येईन कोनी?"

आजूबाजूची माणसं हसली. मीही हसले.

"गरम हाय तवर खा, बाबा," दादा एवढंच बोलला.

चार महिन्यांत हॉटेल बंद पडलं. दादा पुण्याला परतला आणि त्याच वर्षी तिथे अपघातात गेला.

खरं तर ती रोटी मला फार आवडली होती. आणखी एक मागावीशी वाटत होती. पण सगळे हसत होते, म्हणून मी अर्धी तशीच टाकून उठले. ते ताट दादानेच उचललं.