माझ्या वाट्याच्या ओळी

लग्नाच्या हॉलमध्ये बुफे उघडला की हल्ली आमचं गाणं वाजतं. वाढपी झाकणं उचलतात, डीजे बटण दाबतो आणि कपाटाएवढ्या स्पीकरमधून माझी मोठी जाऊ विचारते, ‘जेवलीस काय गो पोरी, जेवलीस काय?’ लोक हसत हसत प्लेटा उचलतात. विचारणारी बाई तीन वर्षांपूर्वी वारली, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

गाणं कुणी लिहिलं असं विचाराल, तर कुणीच नाही. बेलपाड्याहून लग्न होऊन मी कोनला आले, तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. जाऊ शेतावरून आली की पहिलं विचारायची, ‘जेवलीस?’ मी म्हणायचे, ‘जेवले.’ ती गुपचूप चुलीकडे जायची, टोपावरचं झाकण उचलून बघायची आणि हाताला धरून मला पाटावर बसवायची. ‘तुजा खोटा मना लगेच समजतं,’ म्हणायची. मग समोर बसून राहायची, टोप रिकामा होईपर्यंत.

त्याचंच पुढे गाणं झालं. लग्नघरी तांदूळ निवडताना ती चालीवर विचारायची आणि मी उत्तर द्यायचे, ‘जेवले गो बाय, पन पोट भरला नाय.’ मग ती विचारायची कुणाची याद येते, मी सांगायचे आयेची. एकीनं दुसरीच्या ओळीला तोंड लावायचं नाही, असा तिचा दंडक होता. ‘इचारनारीनं इचारावा, सांगनारीनं सांगावा.’ त्यामुळे मला आजही या गाण्यातली फक्त उत्तरं गाता येतात.

एका हळदीत कॅसेटवाल्यानं ते ऐकलं आणि आम्हाला पनवेलला बोलावलं. दुकानावरची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या, आवाज येतो म्हणून पंखा बंद. जाऊनं माइककडे संशयानं पाहिलं आणि विचारलं, ‘याला आयकू येतं नं?’ त्याला चांगलंच ऐकू आलं. महिन्याभरात रिक्षांमध्ये, न्हावा शेव्याच्या ट्रकांमध्ये, विसर्जनाच्या मिरवणुकीत तेच. कव्हरवर होडीत बसलेली एक नटवी पोरगी होती. आमच्या घराण्यात होडीत कुणी पाय ठेवला नव्हता. आमच्याबद्दल मागे बारीक अक्षरात ‘कोरस : महिला मंडळ’ एवढंच. मी चिडले. जाऊ म्हणाली, ‘बघ, आपन दोगी मिलून मंडल झालो!’

मग ज्याला त्याला ते गाणं हवं झालं. बेंजोवाल्यांनी शब्द काढून टाकले. ऑर्केस्ट्रातल्या एका बाप्यानं दोन्ही बाजू स्वतःच गायल्या, माझ्या ओळींना नाकातून बारीक आवाज काढून. जाऊ पोट धरून हसली. मला अजून त्या माणसाचा राग आहे. कुणीतरी ते हिंदीत केलं, त्यात पोरीची बेबी झाली आणि भाताचा पिझ्झा. एक गाव बारा भानगडी, तसं एक गाणं बारा नकला, म्हणून मी सोडून दिलं.

कोनचं घर पाडून बिल्डिंग उभी राहिली. जाऊ तिच्या मुलाकडे गेली, मी पनवेलच्या फ्लॅटमध्ये आले. नवरा आधीच गेला होता, मुलगा पुण्याला. पण रोज संध्याकाळी जाऊचा फोन यायचा. नाव नाही, गाव नाही, थेट ‘जेवलीस?’ ती गेल्यावर तो प्रश्न मला कुणी विचारला नाही. मुलगा फोन करतो, नाही म्हणत नाही. ‘ठीक ना?’ म्हणतो आणि मी ‘हो’ म्हणायच्या आत दुसरं काही सुरू करतो.

डीजेनं केलेलं नवं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते जाऊच्या नातीच्या हळदीत. जुन्या कॅसेटमधून त्यानं तिचा आवाज उचलला होता. ‘जेवलीस काय गो पोरी, जेवलीस काय?’ मी खुर्चीत पुढे सरकले. आता मी येणार म्हणून कान टवकारले, तर धाडधाड ढोल. माझी ओळ त्यानं कापली होती. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा ढोल. मंडपातल्या पोरी त्या ढोलावर उड्या मारत होत्या. मी खुर्चीत बसून माझी ओळ म्हटली, मोठ्यानं म्हटली. शेजारच्या बाईनंही मान वळवली नाही. इतकं एकटं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं, कारण तेव्हा जाऊ होती.

नवरीनं माझे हलणारे ओठ पाहिले असावेत. हळदीच्या हातानंच माझा फोन घेऊन तिनं काहीतरी केलं. ‘आता माझी आजी रोज तुला हाक मारेल,’ म्हणाली. फोनची कड अजून पिवळी आहे.

तेव्हापासून फोन वाजला की जाऊ विचारते. बहुतेक वेळा पलीकडे लोन देणारी मुलगी असते. उचललं की जाऊ गप्प होते, म्हणून मी लवकर उचलत नाही. ‘आई, फोन उचलत का नाहीस?’ म्हणून मुलगा चिडतो. त्याला काय सांगू?

काल संध्याकाळीही वाजला. ‘जेवलीस काय गो पोरी, जेवलीस काय?’ चहाबरोबर दोन बिस्किटं खाल्ली होती, गॅस पेटवायचा कंटाळा आला होता. मी म्हटलं, ‘जेवले गो बाय.’ पुढची अर्धी ओळ काही म्हटली नाही. फोन थांबला. क्षणभरात पुन्हा वाजला, मुलाचाच असणार. पुन्हा तोच प्रश्न.

मी उठले आणि तांदूळ धुवायला घेतले.