नकली असल्याचा दाखला

माझा धाकटा भाऊ दादू मस्कतहून पहिल्यांदा सुटीवर आला, तेव्हा त्याच्या बॅगेत आईसाठी मिक्सर होता, बाबांसाठी दाढीचं मशीन आणि माझ्यासाठी एक सोनेरी घड्याळ. ते इतकं देखणं होतं की मी आधी हात पदराला पुसले आणि मग हातात घेतलं. तबकडीवर बड्या स्विस कंपनीचं नाव होतं.

"डुप्लिकेट आहे, ताई," आई-बाबा आत गेल्यावर तो हळूच म्हणाला. "पण ओळखून दाखवा म्हणावं कुणालाही."

मग त्याने मला घड्याळ घालायचे नियम शिकवले. पाण्यात हात घालायचा नाही. कुणी बघायला मागितलं तर काढून द्यायचं नाही, हात पुढे करायचा, कारण हातात घेतलं की वजन कळतं. आणि किंमत विचारली तर सांगायची नाही, नुसतं हसायचं.

दिवसच तसे होते. अबिड्सच्या बाजारातल्या दुकानांत परदेशी साबण राजरोस मांडलेले दिसू लागले होते, टीव्हीवर रोज नवं काहीतरी लागत होतं. पूर्वी लपवून ठेवायच्या वस्तू लोक आता मिरवायला लागले होते. मलाही मिरवावंसं वाटलं. एकोणतीस वर्षांची होते, सरकारी कचेरीत कारकून होते आणि तोवर मिरवण्यासारखं हातात काही आलं नव्हतं.

पहिला महिना फार मजेत गेला. साडीच्या दुकानात मला बसायला खुर्ची आणि प्यायला थंड मिळालं. नल्लकुंट्याहून सुटणाऱ्या बसमध्ये वर दांडी धरली की शेजारच्या बाया आधी मनगटाकडे आणि मग माझ्या चपलांकडे बघत. मी त्याच आठवड्यात नव्या चपला घेतल्या.

कचेरीत माझ्या टेबलावरून छोटे कारखाने काढणाऱ्यांचे अर्ज पुढे जात. नवं धोरण आल्यापासून अर्जांचा नुसता पूर लोटला होता. त्यात एक तरुण होता, त्याला प्लॅस्टिकच्या बादल्या करायच्या होत्या. एका नकाशावाचून त्याची फाइल अडली होती आणि तो दर चार दिवसांनी येऊन नम्रपणे बसायचा. एकदा त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं.

"मॅडम, घडी बहोत जबरदस्त है. कितने की होगी?"

मी नियमाप्रमाणे हसले.

दुसऱ्या दिवशी तो बिस्किटांचा डबा घेऊन आला. "घर के वास्ते," म्हणाला आणि ठेवून निघाला. डबा उघडला तर बिस्किटांवर पाकीट. मी तशीच उठले, जिन्यात त्याला गाठलं आणि डबा त्याच्या हातात कोंबला.

तो बिचारा गोंधळला. पुन्हा एकदा माझ्या मनगटाकडे बघून अगदी दबक्या आवाजात म्हणाला, "कम पडा क्या, मॅडम?"

मी त्याला इतकं झापलं की वरच्या मजल्यावरचे लोक कठड्याशी येऊन उभे राहिले. मला वाटलं, प्रकरण संपलं. पण जिन्यात आरडाओरडा झाला की त्याची कहाणी होते, आणि ज्याला त्याला ती हवी तशी ऐकू येते. पंधरा दिवसांत माझ्याविरुद्ध निनावी पत्र आलं. पगार कारकुनाचा आणि हातात लाखाचं घड्याळ, चौकशी व्हावी.

आमचे साहेब तेलुगू होते, निवृत्तीला टेकलेले, मनाने मऊ. त्यांनी पत्र माझ्यासमोर सरकवलं. "एंटम्मा इदी?" म्हणाले. हे काय गं बाई?

"सर, नकली है वो."

"तुमने बोला, मैं मान लिया. फाइल कैसे मानेगी? आठ दिन में लिखके देओ, और साथ में कुछ सबूत लगाओ."

घरी मी हे फक्त आईला सांगितलं. पण आमचं घर तीन खोल्यांचं. रात्रीच्या जेवणाआधीच बाबांना सगळं कळलं होतं.

बाबा कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले होते. नोकरीत असताना एका पक्षकाराने घरी आणून ठेवलेली आंब्यांची करंडी त्यांनी रिक्षाने परत पाठवली होती, भाडं पदरचं घालून. माझं प्रकरण कानावर आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी केलेला चहा त्यांनी घेतला नाही. आईला म्हणाले, "तू कर." संध्याकाळीही तेच. चौथ्या दिवशी मला राहवलं नाही.

"बाबा, ते घड्याळ खोटं आहे हो. दादूने फुटपाथवरून घेतलंय."

"पकडलं गेल्यावर प्रत्येकजण हेच म्हणतो," ते वर न बघता म्हणाले. "माझी उमर ऐकण्यात गेली असली वाक्यं."

"मग तुम्हीच पडताळून बघा!"

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी रडत होते, आणि मला रडताना त्यांनी कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं. उठून त्यांनी टोपी घातली. "चल."

अफझलगंजात एका घड्याळजींचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की भरणारं. पांढऱ्या दाढीचे चाचा डोळ्याला भिंग लावून बसले होते. बाबांनी घड्याळ पुढे ठेवलं आणि कोर्टात हजर करावा तसा मुद्दा मांडला, "इसकी परख करवानी है." बाबांचं शिक्षण उर्दूतलं, त्यामुळे दोघांची भाषा लगेच जुळली.

चाचांनी मागचं झाकण उघडलं, आत एकदा बघितलं आणि पुन्हा बंद केलं. मग माझ्याकडे बघून मायेने विचारलं, "किसने दी, बेटी?"

"भाई ने. मस्कत से."

"माशाल्ला. बहोत खूबसूरत है." आणि त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं.

मला कळलं की म्हातारा माझं मन राखतोय. "चाचा, नकली है ना? साफ बोलो."

त्यांनी बाबांकडे बघितलं, मान खाली घातली आणि म्हणाले, "हौ बेटी. पूरी नकली है. दिल छोटा नक्को करो."

"तो लिखके देओ!"

चाचांनी भिंग काढून ठेवलं. "इत्ते बरसां से बैठा हूँ इधर. लोगां नकली घडी लाके असली है बोलके लिखके देओ बोलते. नकली है लिखके देओ बोलनेवाले तुमीच पहले."

बाबा हसले. आधी खोकल्यासारखा आवाज आला आणि मग त्यांना थांबताच येईना. डोळ्यांतून पाणी आलं, टोपी काढून त्यांनी हातात धरली. चाचाही हसत होते. मला मात्र चार दिवसांचा राग आला होता.

मजकूर बाबांनीच सांगितला, आधी उर्दूत आणि मग साहेबांसाठी इंग्रजीत. 'सदर घड्याळ आतून-बाहेरून नकली असून मूळ कंपनीशी त्याचा काहीएक संबंध नाही,' अशा थाटाचा. चाचांनी सही केली, दुकानाचा शिक्का मारला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला.

दुकानातून उतरल्यावर बाबा मला समोरच्या इराण्याच्या हॉटेलात घेऊन गेले. बाहेर चहा पिणं त्यांच्या नियमात बसत नसे. कप समोर आल्यावर बशीत ओतत म्हणाले, "चार दिवस तुझ्या हातचा चहा घेतला नाही. माझं चुकलं. आधी विचारायला हवं होतं."

"हो, हवं होतं," मी म्हणाले.

"पण तूही सांग, खोटं घालायचंच कशाला?"

"चांगलं दिसतं म्हणून."

त्यांनी थोडा विचार केला. "दिसतं खरं," म्हणाले आणि आणखी दोन उस्मानिया बिस्किटं मागवली.

साहेबांनी दाखला दोनदा वाचला, फाइलला टाचला आणि चौकशी बंद केली. बादल्यावाल्याने पुढच्या महिन्यात नकाशा आणून दिला, त्याचं काम नियमाने झालं. परवाना घेताना त्याने माझ्याकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पत्र कुणी लिहिलं ते मला आजवर कळलेलं नाही. कचेरीत मी पुन्हा जुनं चाबीचं घड्याळ घालू लागले, सोनेरी फक्त लग्नाकार्यांसाठी राखून ठेवलं.

पण तिथेही बाबांनी ते सुखाने घालू दिलं नाही. त्यांना आता धास्तीच बसली होती. जामबागेत एका लग्नात मुलाकडच्या एका बाई माझ्या मनगटाकडे बघून काही विचारणार, तेवढ्यात बाबा पलीकडच्या पंगतीतून मोठ्याने म्हणाले, "नकली आहे बरं का ते! आमच्याकडे लेखी आहे!"

वाढपी थबकले. आईने डोक्यावरचा पदर थेट नाकापर्यंत ओढून घेतला. त्या बाई मात्र माझ्याकडे झुकल्या, गळ्यातला चपलाहार दोन बोटांनी किंचित उचलला आणि कानाशी पुटपुटल्या, "हाही तसलाच आहे. कुणाला सांगू नका."