कागदावर नसलेला प्रश्न

दसरा झाला की आमच्या शिरूर कासार तालुक्यात ऊसतोडीला जायची निघानिघ सुरू होते. मुकादमाची गाडी दारात यायच्या आत लेकरांना लस टोचून घ्यावी लागते, म्हणून आरोग्य केंद्राच्या ओट्यावर नुसती झुंबड. त्या गर्दीतच नसरीन मॅडमच्या भावाचा, सलीमभाईंचा फोन आला. "सुमनताई, आपा गेली..." हातातलं काम शेजारच्या सिस्टरला दिलं आणि मागं जाऊन पायरीवर बसले. कडेवर लेकरू घेतलेली एक बाई मागोमाग आली. "कावून रडायलात, सिस्टर?" म्हणलं, "माझं माणूस गेलं, बाई." नसरीन मॅडम ना माझ्या नात्यातल्या, ना गावातल्या. पण तोंडातून निघालं ते खरंच होतं.

मॅडम बीडच्या. वडिलांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज. आता ते धाकटे भाऊ सलीमभाई चालवतात. मॅडम डॉक्टर झाल्या आणि मेडिकल कॉलेजात शिकवायला लागल्या. त्यांच्या अभ्यासाचा विषय ऐकून आम्हाला आधी हसूच आलं. दवाखान्यात राबणाऱ्यांना त्यांच्या कामात सुख किती, हे म्हणे मोजायचं! थर्मामीटर काखेत धरून ताप कळतो, सुख कसं कळणार? त्यांनी प्रश्नांचे कागद वाटले. कामावर मान मिळतो का, वरचे ऐकून घेतात का, घरासाठी वेळ उरतो का... प्रत्येक प्रश्नापुढं "मुळीच नाही"पासून "पूर्णपणे"पर्यंत चौकोन. आम्हाला वाटलं, ही नवी तपासणी आली. तपासणी म्हणलं की आमचा एकच शिरस्ता. मी एक कागद भरला, बाकीच्यांनी त्यावरून उतरवून घेतलं. सगळीकडं "पूर्णपणे". पुन्हा कोणी विचारायला नको!

पंधरवड्यात मॅडम परत हजर. खुर्चीवर टेकल्या अन् म्हणाल्या, "अगं बायांनो, एवढी सुखी माणसं तर मी लग्नाच्या फोटोत बी पाहिली न्हाईत. मीच बदली मागून घेते इथं." आम्ही माना खाली घालून हसतोय, तर बाई खरंच चार दिवसांनी पिशवी घेऊन माझ्या घरी राहायला आल्या. म्हणाल्या, "मला जेवणाचं काही करू नकोस. तू जे खाशील ते."

तेव्हा मी नोकरी सोडायचं पक्कं केलं होतं, हे सांगायला हवं. लघवीला जळजळ, हुडहुडी भरून ताप, गोळ्या खाऊन बरं वाटतंय तोवर पुन्हा तेच. घरी मालक वैतागून म्हणायचे, "दुसऱ्याची बाळंतपणं करता करता तूच मरशील. दे सोडून." माझा जीव त्या बाळंतपणाच्या खोलीत अडकलेला. बाळानं पहिला टाहो फोडला की माझ्या अंगात बळ यायचं. पण शरीरच साथ देईना, तर करणार काय? मॅडमना मी यातलं अवाक्षर बोलले नव्हते.

मॅडम दिवसभर माझ्या मागं मागं. लिहिणं नाही, विचारणं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी भाकरी खाताना मला ठसका लागला, तरी मी एक घोट घेऊन तांब्या बाजूला सारला. मॅडम बघतच राहिल्या. "सुमन, तू ड्युटीवर पाणी कावून पीत न्हाईस गं?"

असलं कोणी विचारतं का! मी लाजले, मग सांगितलं. केंद्रात संडास एकच. पेशंट, नातेवाईक, बाप्ये, सगळ्यांना मिळून. दाराला कडी नाही. आत गेलं की कोणीतरी बाहेर पाठ लावून उभं राहायला पाहिजे, अन् बाळंतीण टेबलावर असताना उभं कोण राहणार? म्हणून आम्ही सगळ्याच सकाळी घरून निघताना पाणी बंद करायचो. सवयच ती. यात सांगण्यासारखं काही आहे असंही कोणाला वाटत नव्हतं. मॅडमच्या हातातला घास हातातच राहिला. "अन् मी तुमाला विचारलं, कामावर मान मिळतो का..." एवढंच म्हणाल्या.

मग ज्या भडकल्या! बाळंतखोलीमागच्या कोठडीत मोडक्या खाटा पडलेल्या, ती रिकामी करा, तिथं बायांसाठी वेगळा संडास बांधू म्हणाल्या. आमचे साहेब माणूस चांगला, पण भित्रा. "मॅडम, वरून परवानगी..." मॅडम ताडकन म्हणाल्या, "लघवी परवानगी घेऊन येते का हो, डॉक्टर?" साहेबांचे कान लाल! पण खरं सांगते, पहिली खाट त्यांनीच उचलली. सलीमभाई बीडहून ओळखीचा प्लंबर अन् गवंडी घेऊन आले. कडी त्यांनी स्वतः बसवली, लोखंडाची, चांगली जाडजूड. आतून लावून बघितली, बाहेर येऊन मला म्हणाले, "ताई, आता बैल धडकला तरी उघडणार न्हाई."

मी पाणी प्यायला लागले. ताप हळूहळू थांबला. नोकरी सोडायचा विषय मालकांनीच पुन्हा काढला नाही. पुढं मॅडमनी तेच कागद पुन्हा भरून घेतले, आणि गंमत बघा, आमच्या केंद्राचं सुख एकदम घसरलं! साहेब घाबरले. मॅडम मात्र लई खूश. "आता कुठं खरं बोलायला लागलात," म्हणाल्या. रजा मिळत नाही, कोणी नीट बोलत नाही, सगळं आम्ही धडाधड लिहिलं होतं. त्यातलं काही सुटलं, पुष्कळ तसंच राहिलं. पण आमच्या बोलण्याला किंमत आहे हे त्या बाईनं आम्हाला दाखवलं. त्या उपकाराची फेड मला या जन्मी जमायची नाही, आणि मला ती करायचीही नाही. त्यांच्या ऋणात राहायला मला आवडतं.

मॅडमना जाऊन आता महिना होत आला. परवा आमच्याकडं वर्षा सिस्टर बदलून आल्या. दुपारी मी ग्लास पुढं केला, तर हात आडवा धरून म्हणाल्या, "नको ताई, मी ड्युटीवर पाणी पीत न्हाई. सवय हाय." मी त्यांना मागच्या खोलीपाशी नेलं, दार उघडलं, कडी लावून दाखवली. त्या कडीकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. आत गेल्या. बाहेर आल्या तशा सरळ टेबलाजवळ जाऊन ग्लास उचलला आणि एका दमात रिकामा केला. ओठ पुसले, जरा घुटमळल्या...

मॅडम, त्यांनी अजून एक ग्लास मागितला.