हरभऱ्यातला टॉवर

आमच्या घरात देव्हाराच नाही. त्यामुळे अंगारा, उतारा, भानामती हे सगळं मी लहानपणी फक्त शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकलं. आमचं बौद्ध कुटुंब, वडील नांदेडला शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणाच्या अंगात आलंय असं कळलं की ते म्हणायचे, "त्याला आधी विचारा, जेवलास का?" मीही त्यांच्याच वळणावर गेले. आजही तशीच आहे असं लोकांना सांगते... पण एका गोष्टीपाशी येऊन अडते. ती घरी पूर्ण सांगितलेली नाही, म्हणून इथे लिहितेय.

विजेच्या मोठ्या लाईनची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी नोकरीला आहे. मुखेड तालुक्यातून जाणारी एक लाईन फार जुनी झाली होती. तिच्या तारा बदलायच्या होत्या, पण त्याआधी एकेक टॉवर तपासायचा होता — पाया खचलाय का, लोखंड किती गंजलंय. टॉवर उभे शेतकऱ्यांच्या रानात. तिथे माणसं आणि गाडी घालण्याआधी मालकाची लेखी संमती घेणं, हे माझं काम. लोक चिडलेले असतात, आणि त्यांचं चुकतही नाही. टॉवर उभे करताना त्यांच्या बापजाद्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी बांधावर बसते, चहा पिते, सगळं ऐकून घेते. नाही म्हणणारा माणूस माझ्याशी बोलून हो म्हणायचा. मला त्याचा अभिमान होता.

त्या लाईनवरच्या एका गावचे सगळे हो म्हणाले होते, एकट्या महानंदाकाकू सोडून. साठीच्या असतील. नवरा वारलेला, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग, दोन एकर हरभरा स्वतः राखायच्या. टॉवर बरोबर त्या हरभऱ्याच्या मधोमध. मला आधी वाटलं, पिकाच्या नुकसानीचं असेल.

"पिकाचं काय न्हाई बाई," त्या म्हणाल्या. "तुमचाच माणूस नको म्हणून गेला की."

"आमचा? कोण?"

"नाव काय म्या इचारलं न्हाई. गेला सोमवार व्हता, माझा उपास. भर दुपारी आला. डोक्याला पिवळी टोपी, कमरंला पट्टा. हिकडचा नव्हता — बोलताना सारखं जी-जी करायचा. 'माय, पानी द्या जी' म्हणला. पाणी पेला, अन् खांबाकडं बोट करून म्हणला, 'ह्याच्यावर कोनाला चढू देऊ नका माय.' लई काकुळतीला येऊन म्हणला बघ."

मी ऑफिसला फोन केला. त्या गावात आमचं कुणीच गेलं नव्हतं. दुसऱ्या कुठल्या कामावरचा माणूस असेल, किंवा कुणी चेष्टा केली असेल, असं मी धरून चालले. आठवड्यात दोनदा परत गेले. काकू ऐकेनात. तिसऱ्या खेपेला मी म्हणाले, "काकू, तो म्हणाला ते खरं धरू. लोखंड खराब असेल, तर ते बघायलाच नको का कुणी? नाहीतर उद्या टॉवर तुमच्याच अंगावर येईल."

त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुझं बी खरं हाय," आणि गुडघ्यावर कागद ठेवून एकेक अक्षर जुळवत सही केली. परत येताना मी गाडीत गाणी लावली होती, एवढी खूश होते.

चार दिवसांनी टीम आली. वर चढून तपासणारा माणूस नवा होता, आदल्याच रात्री पोहोचलेला. देवचंद नाव. भंडाऱ्याकडचा, पंचेचाळिशीचा, कमी बोलणारा. आयुष्य टॉवरवर गेलेलं. लाईन तीन वाजेपर्यंतच बंद मिळाली होती, म्हणून सुपरवायझरची घाई चाललेली.

काकू विहिरीकडून कळशी घेऊन आल्या. पट्टा बांधणाऱ्या देवचंदला बघून जागीच थांबल्या.

"ह्योच की ग! ह्योच आला व्हता."

आम्ही सगळे हसलो. देवचंदही हसला. "नाही जी माय, मी तं पहिल्यांदाच येऊन राहिलो इकडे."

ते 'जी' ऐकलं आणि माझं हसू थांबलं. भंडाऱ्याची सगळीच माणसं असं बोलतात, असं मी मनातल्या मनात म्हणालेसुद्धा.

काकूंनी माझं मनगट धरलं. "बाई, त्यालाच इचार. त्यानंच सांगितलं मला."

"काय म्हनलो होतो जी मी?" देवचंदने विचारलं. आता तो हसत नव्हता.

काकूंनी सांगितलं. तो मान वर करून टॉवरकडे बघत राहिला. सुपरवायझरने घड्याळ दाखवलं. मी म्हणाले, "देवचंदभाऊ, राहू द्यायचं का आज?"

विचारलं, एवढंच. थांबा असं म्हणाले नाही.

"लाईन पुन्हा कधी बंद भेटते मॅडम," तो म्हणाला. "सांभाळून चढतो." काकूंकडे वळून त्याने पाणी मागितलं, ओंजळीने प्यायला, आणि चढायला लागला.

अर्ध्याच्या वर गेला तेव्हा त्याने पट्ट्याचा आकडा एका आडव्या लोखंडी पट्टीत अडकवला आणि हात सोडून मागे रेलला, सगळेच रेलतात तसा. खालून पट्टी धडधाकट दिसत होती. सांध्याच्या आत ती गंजाने पार खाल्लेली होती, हे नंतर कळलं. कडाक असा एक आवाज झाला. तो ओरडलाही नाही. पट्टीसकट खाली आला, हरभऱ्यात.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यानेच आठवतं. सुपरवायझर फोनवर ओरडत होता. मी गुडघ्यावर बसून देवचंदचं डोकं धरलं होतं, आणि हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब हाताला लागून कुठेतरी खरचटलेलं चुरचुरत होतं. त्या वेळी एवढंच जाणवत होतं, ते चुरचुरणं. मुखेडच्या दवाखान्यातून नांदेडला न्यायला सांगितलं. अँब्युलन्समध्ये मी त्याच्याजवळ होते. नांदेड यायच्या आधीच तो गेला.

दहाएक दिवसांनी मी त्याच्या कामावरच्या जोडीदाराला गाठलं. महानंदाकाकूंच्या उपासाच्या त्या सोमवारी देवचंद कुठे होता? छत्तीसगडला, दुसऱ्या साईटवर. जोडीदाराने मला मोबाईलमधला फोटो दाखवला — दोघं जेवायला बसलेत, मागे वेगळेच टॉवर, फोटोवर तोच सोमवार आणि दुपारची वेळ. देवचंद कॅमेऱ्याकडे न बघता भाकरी मोडतोय.

काकूंकडेही जाऊन आले. त्या मला दोष देतील असं वाटलं होतं. त्यांनी चहा ठेवला. "म्या तर त्याचं त्यालाच सांगितलं न्हवं," त्या म्हणाल्या. "आता आणिक कुणाला सांगायला पायजे व्हतं?" एवढं बोलून पदराने डोळे पुसले. टॉवरभोवतीचा आडवा झालेला हरभरा त्यांनी उपटला नव्हता.

मी सगळ्या शक्यता धरून पाहिल्या आहेत. सारखा दिसणारा दुसरा माणूस. काकूंचा भास. उपास, ऊन, म्हातारपण. पण मग ती बोली? काकू जन्मात मुखेड-उदगीरच्या पलीकडे गेलेल्या नाहीत. आणि तो कोण होता हे सोडून दिलं, तरी लोखंड आतून खाल्लंय हे त्याला कसं माहीत? वडिलांना अर्धीच गोष्ट सांगितली. ते म्हणाले, योगायोग. असेल. मला अजून काहीच उलगडलेलं नाही.

चौकशीच्या वेळी मला एक फॉर्म भरायला दिला होता. त्यात प्रश्न होता — 'सदर ठिकाण धोकादायक असल्याबाबत पूर्वसूचना मिळाली होती काय? असल्यास, कोणाकडून?' मी 'नाही' लिहून सही केली. खरं उत्तर 'हो' होतं. पण पुढच्या रिकाम्या जागेत मला देवचंदचंच नाव लिहावं लागलं असतं.