पहिल्या ट्रॉलीचा मान

मी, विठोबा तात्याबा, वय वर्षे एक्याऐंशी, इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा शेती, राहणार राहुरी तालुका, सत्य तेच लिहितो.

आज सकाळी आमच्या बंधाऱ्यातील गाळ काढण्यास प्रारंभ झाला. रिवाजाप्रमाणे गाळाची पहिली ट्रॉली गावातील सर्वांत ज्येष्ठाच्या शेतात पडते व तेथे नारळ फुटतो. यंदा तो मान माझा होता.

जेसीबीने गाळ उभा कापताच थर दिसले. तळाशी पिवळसर माती, त्यावर साखर कारखान्याच्या मळीच्या वासाचा काळा पट्टा, सर्वांत वर तणनाशकाच्या बाटल्या.

माझी नात वैष्णवी खाडीतील गाळाचा अभ्यास करते. ती म्हणाली, “आजोबा, समुद्राकाठीही असेच थर सापडतात. माणूस पाण्यात जे सोडतो, ते तळाशी साठून राहतं. तपासल्याशिवाय हा गाळ शेतात नको.”

शेजारी भिकाजी हसला. “नाना, मान घेतलाय, आता माती बी घ्या की!”

मला जड गेले, तरी मी ट्रॉली माघारी फिरवली. चालकाने ती भिकाजीच्या शेताकडे वळवताच भिकाजीच ओरडला, “आमच्यात नगं, लई वास मारतोय!”

ट्रॉली अद्याप रस्त्यावर भरलेली उभी आहे. नारळ माझ्याजवळ तसाच आहे. गाळ सर्वांनी मिळून साठवला. आता तो कोणाच्या शेतात टाकावा, हे आपणच सांगावे.

समक्ष हजर: नात वैष्णवी, शेजारी भिकाजी, ट्रॉलीचालक हरी.